थंडी कोणाच्या खोलीत असते

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या क्लॅरेंडन पार्क भागात एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगा आहेत. त्यातल्या एका घरात २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही पाच जण राहायला गेलो. मी पुण्याचा, एक सातारकर, एक नागपूरची, एक लागोसहून आलेली आणि एक यॉर्कशायरचा पोरगा. दारातून आत शिरल्यावर बोळासारखा पॅसेज होता आणि त्याच्या भिंतीवर पांढरी डबी. गॅसच्या बॉयलरमधल्या गरम पाण्याने खोल्या तापवणाऱ्या घरभरच्या रेडिएटरांसाठी, किती अंशांवर थांबायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट तो एवढाच. रात्री अकराला तो एकवीसवर असायचा आणि सकाळी सातला सोळावर. मधल्या वेळात कोणीतरी मोजे घातलेल्या पावलांनी खाली उतरून तो फिरवायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

माझी बाजूही सांगतो. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन गॅस कडाडला होता, तो हिवाळा. घरगुती विजेच्या आणि गॅसच्या दरांवर तिथे ऑफजेम ही नियामक संस्था कमाल मर्यादा घालते. साधारण कुटुंबाच्या वर्षाच्या बिलाच्या भाषेत ही मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. वर्षभराने ती ३,५४९ पौंडांवर जाणार असं जाहीर झालं. सरकारने मध्ये पडून ती २,५०० च्या आसपास रोखली, तरी आकडा दुप्पट झालाच. गॅसचं युनिट सुमारे १०.३ पेन्स, विजेचं ३४. सरकारने प्रत्येक घराला ४०० पौंडांची मदत दिली. ती सहा हप्त्यांत आली, पहिले दोन ६६ पौंडांचे, पुढचे चार ६७ चे. आम्ही नुकतेच आलेले लोक प्रत्येक पौंडाला मनातल्या मनात शंभराने गुणत होतो. ब्रेडच्या पुड्यालाही गुणत होतो, तर बिलाचं काय सांगावं.

त्यामुळे 'थंडी वाजते' या वाक्यावर माझं एकच उत्तर असायचं, स्वेटर घाल. त्यातच एकदा मी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हणही सुनावली. नागपूरची म्हणाली, "अरे, दुपारपासून अंथरुणातच बसलेय मी. पाय कुठे पसरू?"

शेअरिंगच्या घरातलं हे भांडण जगभर आवडीनिवडीचं म्हणून गणलं जातं. कोणाला उकडतं, कोणाला गारठतं, एकाला अठरा चालतं तर दुसऱ्याला बावीस हवं. मग तोडगेही आवडीनिवडीचेच निघतात. आळीपाळीने ठरवा, मतं घ्या, मधला आकडा धरा. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. तिखट कमी-जास्त खाण्यासारखी ही आवड नाही. माणूस किती गारठतो हे बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला कुठली खोली आली यावर ठरतं, आणि ती खोली का आली हे त्याच्या खिशावर. ऊब हा घराचा भाग धरायला हवा, नळाला येणाऱ्या पाण्यासारखा. एका ठरावीक अंशापर्यंत तिच्यावर मतदान नको आणि काटकसरीची स्पर्धाही नको.

मला हे उमगलं ते सहा पौंडांच्या एका घड्याळामुळे. त्यात वेळेबरोबर तापमान आणि हवेतली आर्द्रताही दिसायची. ते आणलं होतं वाद जिंकायला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिटनभर कडाक्याची लाट आली होती. पॅसेजमधला थर्मोस्टॅट अठरावर असताना मी ते घड्याळ तासभर माझ्या खोलीत ठेवलं. साडेसतरा. मग वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, नागपूरचीच्या टेबलावर ठेवलं. साडेतेरा. तिने काही न बोलता घड्याळाचं तोंड माझ्याकडे फिरवलं.

या जुन्या घरांची ठेवणच तशी आहे. इंग्लंडमधल्या साधारण पाचातल्या एका घराचं बांधकाम १९१९ च्या आधीचं आहे. त्या काळच्या भिंती नऊ इंची भरीव विटांच्या, मध्ये पोकळी नाही की काही भरलेलं नाही. रांगेतल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजारी असतात, म्हणून मधल्या खोल्यांना शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते. मागच्या बाजूला मात्र एक चिंचोळा भाग शेपटासारखा बाहेर काढलेला असतो, खाली स्वयंपाकघर आणि वर एक खोली. त्या खोलीच्या तीन भिंती बाहेरच्या. आणि खाली आम्ही फोडणी दिली की धूर ओळखणारा अलार्म बोंबलायचा, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. मोहरी तडतडली की वरची जमीन गार. मी स्वतःला काटक समजत होतो. काटक होती माझी खोली, कारण ती मधली होती.

पुण्याहून आलेल्याला हे पटायला वेळ लागतो. जानेवारीत पहाटे पुण्यातही पारा दहा-अकरावर येतो. कोणाकडे हीटर नसतो आणि कोणी मरत नाही. 'आमच्याकडे कुठे होतं हीटिंग' हे वाक्य मीही टाकलं आहे. पण पुण्यात त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीस अंश असतात. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री आपल्याला परत देते. लेस्टरच्या भिंतीवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन पडलं तरी नावापुरतंच. आपलं अंग आजूबाजूच्या हवेलाच उष्णता देतं असं नाही. समोरच्या गार भिंतीकडेही ते सतत उष्णता फेकत असतं. म्हणून हवा अठरा अंशांची असली तरी गार भिंतीशेजारी बसलेला माणूस कुडकुडतो आणि बाकीच्यांना वाटतं नाटकं करतोय.

शरीराशरीरांतही फरक असतो, नाही असं नाही. ऑफिसांच्या तापमानाचे ठोकताळे मध्यमवयीन, सत्तर किलोच्या पुरुषाला गृहीत धरून बांधलेले होते आणि त्यात बायकांच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता जास्त धरली गेली होती, असं २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं. पण आमच्या घरापुरतं बोलायचं तर शरीराआधी भिंत बोलत होती. ती यॉर्कशायरचा पोरगा त्या मागच्या खोलीत असता तरी बोलली असती.

आकडा कुठला धरायचा हेही काही गूढ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शनात थंड प्रदेशांसाठी घराच्या आत किमान १८ अंश सांगितले आहेत. इंग्लंडमध्ये घरातले धोके तपासण्याची जी सरकारी पद्धत आहे तिचं मार्गदर्शन म्हणतं की निरोगी तापमान २१ च्या आसपास, १९ च्या खाली तब्येतीला थोडा धोका सुरू होतो आणि १६ च्या खाली तो गंभीर होतो. म्हणजे रात्री मी डबी सोळावर आणायचो तेव्हा मागची खोली गंभीर धोक्याच्याही खाली जात होती, आणि मी ग्रुपवर बिलाचा स्क्रीनशॉट टाकून शाबासकीची वाट पाहत होतो. सरकारने आकडा ठरवावा हे कोणाला चमत्कारिक वाटत असेल तर आपल्याकडेही २०२० पासून नव्या एसींना चोवीस अंशांची मूळ सेटिंग सक्तीची आहे. पुढे ती बदलता येते, पण सुरुवात कुठून करायची हे कोणा एकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

आता टीटीएमएमकडे येतो. कॉट बेसिसवर राहिलेल्या प्रत्येकाला हे व्याकरण पाठ असतं, तुझं तू, माझं मी. नागपूरचीने जानेवारीत एक तेलाचा रेडिएटर आणला, चाकांवर फिरणारा, दोन किलोवॉटचा. मी लगेच आकडेमोड केली. सहा तास सलग चालला तर बारा युनिट, ३४ पेन्सच्या दराने चार पौंड आठ पेन्स. महिन्याला १२२ पौंड. बिल पाच जणांत समान वाटलं जाणार, म्हणजे ती भरणार २४ आणि उरलेले ९८ आमच्या माथी. गणित चोख होतं. मी तिला प्लगमध्ये बसवायचा छोटा मीटर घ्यायला सुचवलं, म्हणजे तिचं ती भरेल.

गणित चोख असलं तरी हिशेब खोटा होता. सर्वांत गार खोली म्हणून तिची खोली आठवड्याला बारा पौंडांनी स्वस्त होती आणि स्वस्त म्हणूनच तिने ती घेतली होती. त्या बारा पौंडांची बचत हीटर दोन-तीन दिवसांत गिळत होता. आणि विजेची ऊब तिला का घ्यावी लागली? गॅसची ऊब मी रात्री बंद करत होतो म्हणून. बॉयलरमधली गळती धरूनही गॅसवर तेवढीच उष्णता तिप्पट स्वस्त पडली असती. म्हणजे मी वाचवत होतो दहा पेन्सचं युनिट आणि घर जाळत होतं चौतीस पेन्सचं. शिवाय तिच्या हीटरची ऊब आमच्यातल्या भिंतीतून थोडी माझ्याकडेही येत होती. ती मोजायला मी कुठलाही मीटर सुचवला नव्हता.

उष्णतेची गोष्टच अशी आहे की ती दुधाच्या पिशवीसारखी कप्प्यात नाव घालून ठेवता येत नाही. गावाकडे शेकोटीला जो तो येताना काटकी-भुसकट घेऊन येतो, पण कोणाच्या काटकीने कोणाचे हात शेकले हे विचारायची पद्धत नाही. उगाच गावाचे गोडवे गायला हे आठवत नाही. तिथे ते विचारणं अशक्य असतं, म्हणून कोणी विचारत नाही. भिंतीआडच्या घरात ते शक्य असल्याचा भास होतो एवढंच.

जर्मनीने या प्रश्नावर डोकं लढवलेलं आहे. तिथे बऱ्याच इमारतींत अख्ख्या इमारतीचं हीटिंग एकत्र असतं. १९८१ पासून तिथे नियम आहे की हीटिंगच्या खर्चातला निम्म्याहून कमी नाही आणि ७० टक्क्यांहून जास्त नाही, इतकाच भाग वापरानुसार वाटायचा. उरलेला ३० ते ५० टक्के घराच्या क्षेत्रफळानुसार सर्वांनी भरायचा, रेडिएटर लावा की लावू नका. जर्मन माणसाला मोजायचा कंटाळा आहे असं कोणी म्हणणार नाही. तरीही शंभर टक्के मोजून वाटायचं नाही असं तिथे ठरलं, कारण बॉयलर आणि पाइप सर्वांसाठी तापतात, आणि कोपऱ्यातलं घर मधल्या घरापेक्षा जास्त जाळतं त्यात कोपऱ्यातल्या माणसाचा दोष नसतो. मला हा समतोल पटतो. पायाची ऊब सर्वांची, वरची ज्याची त्याची.

यावर सर्वांत अडचणीचा प्रश्न सातारकराचा होता. तो माझ्यासारखा हौशी काटकसरी नव्हता. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. तेवढं तो गोदामात करायचा, आणि घरी वडिलांनी जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढलेलं. त्याने सरळ सांगितलं, "मला सोळा चालतं. माझ्याकडे पैसे नाहीत. तुमच्या अठरासाठी मी का भरू?" यावर 'आरोग्य' असं उत्तर देणं म्हणजे भरल्या पोटी सल्ला देण्यासारखं आहे. ज्याला परवडत नाही त्याला थंडीत राहायची मुभा हवी की नको?

मला वाटतं, त्याची अडचण खरी आहे, पण ती सोडवायची जागा थर्मोस्टॅट नाही. पैशांची वाटणी कशीही वाकवता येते. मोठी पुढची खोली घेतलेल्याने भाडं थोडं जास्त द्यावं, सातारकराने कमी, गार खोलीचा भाव आणखी उतरावा, बिल वर्षभर समान हप्त्यांत भरावं म्हणजे जानेवारीत कोणाची मान अडकणार नाही. हे सगळं राहायला जाण्याच्या आधी, सप्टेंबरच्या उन्हात बसून ठरवता येतं. सर्वांत गार खोलीत घड्याळ ठेवायचं आणि तिथे अठरा दिसतील असं बॉयलरचं वेळापत्रक लावायचं, तेवढा खर्च सर्वांचा. त्यापुढे कोणाला बावीस हवेत तर स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मीटरवर. एकाचे पैसे वाचावेत म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसात गारठा भरणं ही वाटणी नव्हे. आम्ही मात्र ऑक्टोबरपर्यंत 'बघू' म्हणत राहिलो, आणि 'बघू' म्हटलं की डबीपाशी जो आधी पोचेल त्याचं राज्य.

आणि ज्या डबीवरून आम्ही महाभारत केलं ती बिल उतरवायची एकमेव जागा नव्हती. डबी तीसवर नेली की घर लवकर तापतं असं लागोसवालीला वाटायचं. तसं होत नाही. बॉयलर त्याच गतीने चालतो, फक्त थांबत नाही. दुसरीकडे बॉयलरच्याच तोंडावर एक खुंटी असते, रेडिएटरमध्ये जाणारं पाणी किती गरम करायचं याची. आमची पंचाहत्तरच्या पुढे होती. या जातीच्या बॉयलरची बचत होते ती परतीचं पाणी पंचावन्नच्या खाली आलं तर, कारण तेव्हाच धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते. यॉर्कशायरच्या पोराच्या वडिलांनी फोनवरून ती साठावर आणायला सांगितलं. रेडिएटर हाताला थोडे कोमट लागू लागले, खोल्या गरम व्हायला जरा उशीर लागू लागला, पण तापमान तेच राहिलं. त्या खुंटीवरून कधी कोणी भांडलं नाही, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

राहता राहिला घरमालक, आणि खरं तर सुरुवात त्याच्यापासून करायला हवी होती. भिंत त्याची, खिडकी त्याची, बॉयलर त्याचा. इंग्लंड-वेल्समध्ये भाड्याच्या घराला ऊर्जेचा किमान 'ई' दर्जा असावा लागतो, नव्या करारांसाठी २०१८ पासून आणि सर्वांसाठी २०२० पासून. 'ई' म्हणजे वर्गात काठावर पास. त्यातही मालकाला सुधारणेवर ३,५०० पौंडांहून जास्त खर्च करायची सक्ती नाही. आणि स्वतंत्र कराराने दिलेल्या एकट्या खोलीला या दर्जाचं प्रमाणपत्र लागतच नाही, म्हणजे ज्या घरांत पाच अनोळखी माणसं एका थर्मोस्टॅटवर जगतात तीच बरीचशी फटीतून निसटतात. 'बिलासकट भाडं' घेणारे मालक तर आता डबी स्वतःच्या फोनवरून चालवतात. मुलं गारठली की ॲपवर विनंती करायची.

जर्मनीने इथेही वेगळी वाट काढली आहे. गॅस-तेलावर जो कार्बन कर लागतो तो २०२३ पासून मालक आणि भाडेकरू यांच्यात इमारतीच्या अवस्थेनुसार वाटला जातो. दहा पायऱ्या आहेत. चांगल्या इमारतीत सगळा भाडेकरूकडे, सर्वांत वाईट इमारतीत ९५ टक्के मालकाकडे. कर एकूण बिलाचा लहान भाग असतो, त्यामुळे कोणी मालक लगेच भिंतींना अस्तर लावायला धावत नाही. पण वाईट भिंतीची किंमत भिंतीच्या मालकाकडे जायला हवी, एवढं तरी कागदावर आलं.

ब्रिटनमध्ये उलट सवय आहे. भिंतीला ओल आली की राहणाऱ्याचं राहणीमान तपासायचं. रॉचडेलमध्ये २०२० च्या डिसेंबरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनाच्या आजाराने तो गेला, असा निष्कर्ष २०२२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आम्ही डबीवरून भांडत होतो त्याच महिन्यात, चौकशीत निघाला. त्याचे आईवडील वर्षानुवर्षं तक्रार करत होते आणि कुटुंबाच्या राहण्याच्या सवयींकडे बोट दाखवलं जात होतं. त्याच्या नावाचा कायदा नगरपालिका आणि गृहसंस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ओल आणि बुरशीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करावी लागते. खाजगी भाड्याच्या घरांपर्यंत तो नेण्याची तरतूद झाली आहे. तो तिथे लवकर यावा, कारण विद्यार्थी, नवे आलेले कामगार, आपली बहुतेक मुलं राहतात ती याच घरांत.

आमच्या मागच्या खोलीतही कपाटामागे फेब्रुवारीत काळे ठिपके आले. नागपूरचीने फोटो पाठवले. उत्तर आलं की खिडकी रोज उघडी ठेवत जा, कपडे रेडिएटरवर वाळत घालू नका. साडेतेरा अंशांच्या खोलीत खिडकी उघडायची. तिने उघडलीही, रोज दहा मिनिटं, कोट घालून.

ऑगस्टमध्ये घर सोडताना डिपॉझिटमधून बुरशी साफ करण्याचे १५० पौंड कापल्याचं पत्र आलं, कारण दिलं होतं 'अपुरं वायुवीजन'. त्याविरुद्ध दाद मागता येते हे आम्हाला माहीत होतं, पण तोवर दोघांची विमानाची तिकिटं काढून झाली होती. दर डोई तीस पौंड. सातारकरानेही निमूट भरले, आणि कोणाच्या खोलीतली बुरशी हे त्या दिवशी मीही विचारलं नाही.